लाकडातलं घर

लाकडाचा तुकडा नाकाशी नेण्याचं तिला काहीच कारण नव्हतं. रंधून आलेल्या तुकड्याची कड डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे की नाही ते बघायचं, एवढंच तिचं काम. एक डोळा मिटायचा, तुकडा खिडकीच्या उजेडाकडे करायचा, कुठे पोक दिसला, खळगा दिसला, तर परत मिस्त्रीकडे सरकवायचा. त्या सकाळी तिनं असाच एक काळपट आखूड तुकडा उचलला, कड बघितली, आणि खाली ठेवता ठेवता हात नाकापाशी थांबला. का थांबला हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. वास आला. शेगडीवर उतू गेलेल्या दुधाचा. ताज्या नाही, पुसून पुसूनही फटीत राहिलेल्या, जळून कडक झालेल्या दुधाचा. चटका बसावा तसा तिनं तो तुकडा टेबलावर टाकला. रंधा मशीन चालू होतं, ढलप्या उडत होत्या, मिस्त्री पाठमोरा उभा होता. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं दोन्ही हात एप्रनला पुसले आणि जरा वेळानं, चोरून काही तोंडात टाकावं तसा, तुकडा पुन्हा उचलून नाकाला लावला. दूधच होतं.

तिला वास येत नसे. काही वर्षांपूर्वी एक साधा ताप आला, आठवडाभर राहिला आणि जाताना एवढं एक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, नस दुखावली आहे, येईल परत, कदाचित नाहीही येणार. आंधळ्या माणसाला लोक हात देतात, बहिऱ्याशी मोठ्यानं बोलतात; हिचं ऐकून लोक हसत. मिस्त्री तर पहिल्याच दिवशी म्हणाला होता की ताई, तुम्ही नशीबवान, माझ्या बुटांशेजारी बसून डबा खाऊ शकणारं जगात दुसरं कुणी नाही. तीही हसली होती. सुरुवातीला ती साबणाची वडी, कांद्याची फोड, रॉकेलची बाटली असं काहीबाही नाकाशी धरून उभी राहायची, बंद दारावर कुणी थापा मारत राहावं तशी. मग ते सोडलं. मग हळूहळू वासांची आठवणही गेली, आणि ते जास्त वाईट होतं. चादर म्हटली की चादरीचा रंग आठवे, घडी आठवे, कडेची शिवण आठवे. वासाच्या जागी नुसतं कोरं. वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. सगळं लहानपण ओलसर गरम कपड्यांच्या वासात गेलं असं ती अजूनही सांगायची, पण ते आता दुसऱ्या कुणाच्या लहानपणाबद्दल ऐकलेलं सांगावं तसं होतं. घरी नवरा तिचं नाक झाला. अहो, बघा बरं, हे नासलंय का? तो भांडं हातात घेऊन हुंगायचा, थट्टा करायचा. पुढे पुढे लांबूनच सांगायला लागला. आताशा तर न हुंगताच म्हणायचा, टाकून दे.

कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. शहरात जुन्या इमारती पडत, त्यांचं लाकूड वखारीत येई: तुळया, चौकटी, जिन्याचे कठडे, भिंतीतल्या कपाटांच्या फळ्या. लांब, सरळ, देखणं असेल ते तिथूनच विकलं जाई. उरलेलं, दोन खिळ्यांच्या मधलं, कुजकी टोकं कापून राहिलेलं, कशाच्याच कामाचं नाही असं आखूड लाकूड इथे यायचं. मिस्त्री खिळे उपसायचा, चारी बाजूंनी रंधायचा, आणि मग ते तुकडे तिच्या लांब टेबलावर यायचे. तिनं त्यांची मांडणी करायची. रंगाला रंग, रेषेला रेष. एका तुकड्याच्या आतल्या, झाडाच्या वाढीच्या वलयांची कमान वर तर शेजारच्याची खाली, म्हणजे पुढे हवेतल्या ओलीनं एक ताणायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवील आणि पॅनेल वाकणार नाही. मांडणी झाली की कडांना सरस लावायचा, सगळं लोखंडी शिकंज्यांत घालून आवळायचं. आवळताना सांध्यासांध्यातून सरसाचे मणी वर यायचे. दुसऱ्या दिवशी ते खरवडून काढले की सांधा कुठे होता ते बोट फिरवूनही कळू नये. ज्यांना कुणी विचारलं नसतं अशा तुकड्यांचं दार व्हायचं, टेबल व्हायचं. हे काम तिला आवडायचं. इथे नाकावाचून काही अडत नव्हतं.

दुधाचा तुकडा नव्या ढिगातला होता, ठोकलं तर दगडासारखं वाजणाऱ्या जड लाकडाचा. कुठल्या इमारतीचा, असं तिनं मिस्त्रीला सहज विचारल्यासारखं विचारलं. वखारीतून आला, तो म्हणाला, आणि वखारीत कुठून आला ते त्या खिळ्यांना ठाऊक. मग मिस्त्री चहाला गेला की ती ढिगातला एकेक तुकडा हातात घेऊन हुंगू लागली. बहुतेक मुके होते. एखादाच बोलायचा. एकातून घरातल्या घरात दोरीवर टाकलेल्या, नीट न वाळलेल्या कपड्यांचा वास आला. एकातून सांधेदुखीच्या मलमाचा, नाकाच्या मुळाशी झोंबणारा. एकातून अंगाला लावायच्या पावडरचा आणि बरेच दिवस न उघडलेल्या वह्यांचा, आणि त्यावर बसलेला सिगारेटचा. पहिल्या दिवशी तिला रडू फुटलं होतं. भुसा डोळ्यात गेला म्हणून तिनं वेळ मारून नेली. घरी जाऊन तिनं सगळं हुंगून पाहिलं. साबण, कांदा, नवऱ्याचा शर्ट. काही नाही. म्हणजे नाक बरं झालं नव्हतं. जगात फक्त त्या लाकडालाच वास होता. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा आनंदाच्या आत कुठेतरी एक थंड बोट फिरल्यासारखं झालं, आणि तिनं हे कुणाला सांगितलं नाही.

एकदा मात्र राहवलं नाही. मलमाचा तुकडा मिस्त्रीच्या पुढ्यात धरून तिनं विचारलं की याला कसला वास येतो बघा. मिस्त्रीनं चष्मा वर केला, जसा काही वास डोळ्यांनीच बघायचा होता, तुकडा तिच्या हातातून न घेताच हुंगला आणि म्हणाला, ‘‘लाकडाचा. आणि ताई, हात धुऊन या, औषधाचा वास मारतोय तुमच्या हातांना.’’ तिनं हात मागे घेतला. म्हणजे यालाही येतो, तिच्या मनात आलं. येतो, पण लाकडाला असा वास असू शकतो हे याला पटत नाही, म्हणून हा तो माझ्या हातांवर ढकलतो. ती हात धुऊन आली. त्यानंतर सबंध दुपारभर त्या तुकड्याला वास आला नाही. रागावल्यासारखा.

हळूहळू त्या वासांचं घर झालं. तिनं ते बांधलं नाही, ते आपणहून उभं राहत गेलं. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला स्वयंपाकघर असणार, जळक्या दुधाचं. पुढे दोरी, ओल्या कपड्यांची. मग एक अरुंद बोळ, त्यात एक बंद खोली, जिथे पूर्वी कुणी मुलगी अभ्यास करत असेल. आता तिथे एक पुरुष खिडकीशी उभा राहून कुणाला न कळता सिगारेट ओढतो. पावडरवर सिगारेट बसली होती, सिगारेटवर पावडर नाही. म्हणजे मुलगी आधी गेली, पुरुष नंतर आला. इतकं तिला कळत होतं. बोळाच्या टोकाला मलम. डबा खाताना, घरी भाजी चिरताना ती मनातल्या मनात त्या दारातून आत जायची आणि बोळातून चालत राहायची. एका गोष्टीचं तिला नवल वाटायचं. त्या घरात बाई नव्हती. पुरुष होता, गेलेली मुलगी होती, आत कुणीतरी म्हातारं होतं. पण दूध तापत ठेवणारी, दोरीवर कपडे टाकणारी बाई कुठेच लागत नव्हती. असेल तर तिला वासच नव्हता. टेबलावर नवं पॅनेल मांडायला घेतलं तेव्हा तिनं ते तुकडे त्याच क्रमानं लावले, मुके तुकडे भिंतींसारखे मधेमधे. मिस्त्री येऊन बघत राहिला. काळ्याशेजारी पिवळट, आडव्या रेषांना उभी रेष. ही कुठली मांडणी, त्यानं विचारलं. ती म्हणाली, बरी दिसते. तिच्या मांडणीला तो कधी बोल लावत नसे, त्यामुळे पुन्हा रंध्याकडे वळला.

घरी सासू होती. दीड वर्षापूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ती उठून बसेल असं सगळे म्हणाले आणि ती उठली नाही. एके काळी या बाईच्या नाकाचा घरावर दरारा होता. सून नवी नवरी म्हणून आली तेव्हा घासलेला प्रत्येक पेला सासू नाकाशी नेऊन बघायची आणि काही न बोलता परत मोरीत ठेवायची. तो पेला मोरीत ठेवल्याचा आवाज अजून तिच्या कानात होता. आता तीच सासू आतल्या खोलीत पाठीवर पडून असे. कामावर जायच्या आधी ती सासूचं तोंड पुसायची, केस विंचरायची, गुडघ्यांना मलम चोळायची, भरवायची. दुपारी नवरा लवकर येई, तो बघे. अंग पुसायची वेळ आली की सासू ओलं फडकं तिच्या हातातून घ्यायची आणि म्हणायची, कमरेखालचं माझं मी करते, तू तिकडे तोंड कर. ती तिकडे तोंड करून उभी राहायची. चादर बदलायची तेव्हाही सासू पलंगाचा कठडा धरून स्वतःच कशीबशी इकडची तिकडे सरकायची, अंगावरचं पांघरूण सोडायची नाही. म्हातारीचा ताठा, असं तिला वाटे, आणि थोडं बरंही वाटे, कारण कामावर जायला उशीर होत असे. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला गेली होती. फोनवर ती आजीबद्दल विचारायची आणि आईनं बरी आहे म्हटलं की पुन्हा विचारायची, नक्की ना.

मग तो तुकडा हाती लागला. ढिगाच्या अगदी तळाशी होता, वीतभराचा, एका बाजूला बिजागरीचा खळगा असलेला. नाकाशी नेला तेव्हा आधी मलम आलं, मग डोक्याचं तेल, पावडर, आणि त्याच्या खालून दुसरंच काहीतरी. गोडसर. जड. आठवणीत त्या वासाला नाव नव्हतं, कारण आठवणीत कुठल्याच वासाला नाव उरलं नव्हतं, पण पोटाला ओळख पटली. कुजणारं लाकूड असं नसतं हे तिला माहीत होतं. मेलेलंही नव्हतं ते. आतल्या खोलीत कुणीतरी जिवंत पडून होतं आणि पडल्या जागी नासत होतं, आणि त्या घरातली माणसं दूध तापवत होती, कपडे वाळत घालत होती, खिडकीशी उभी राहून सिगारेट ओढत होती. तिला अनावर राग आला. कसली माणसं असतील. दार बंद करून घेत असतील. तिनं तो तुकडा टेबलाखालच्या खोक्यात, भुशात खुपसून ठेवला, आणि पॅनेलमध्ये त्याच्या मापाची एक जागा रिकामी राहिली. दोन दिवस ती त्या रिकाम्या जागेभोवतीच इकडचं तिकडे करत होती. बोळातून चालत जायचं, आणि टोकाला पोचलं की खोलीच्या जागी टेबलाचा पत्रा दिसायचा. डोळे मिटले तरी दिसायचा.

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. वास येतो हे नाही सांगितलं, ते वेडेपणाचं वाटलं असतं. एवढंच म्हणाली की जुनी लाकडं बघताना कधी कधी ती ज्या घरातली असतील ते घर डोळ्यासमोर येतं. एका घरात कुणीतरी म्हातारं अंथरुणावर पडलेलं असावं, आणि त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नसावं असं तिला राहून राहून वाटतं. पोटचा मुलगा घरात असेल आणि तो मुलीच्या खोलीत जाऊन उभा राहत असेल.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

‘‘तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण,’’ तो म्हणाला.

‘‘मी लाकडाबद्दल बोलतेय.’’

‘‘हो. लाकडाबद्दल,’’ तो म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला. बोळातल्या खोलीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. आजकाल तो असाच चिडतो, कामाचा ताण असेल, असं मनाशी म्हणत तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं. मग आत जाऊन सासूची उशी सरळ केली. सासूनं तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि विचारलं की काय झालं गं. ती म्हणाली, काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर पोचायच्या आधीच मिस्त्रीनं पॅनेल शिकंज्यांत घातलं होतं. रिकामी जागा होती ना, तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की खोक्यात अगदी मापाचा तुकडा होता, तुम्ही शोधत होता तोच असणार, बसला बघा कसा. सांध्यांवर सरसाचे मणी उभे होते. त्या एका तुकड्याभोवतीचे मणी इतरांपेक्षा मोठे आणि पिवळे होते. की तिला तसं वाटलं. दिवसभर तिनं तिकडे पाठ केली. पुढच्या सकाळी शिकंजे सोडून, खरवडून, घासून त्यांनी ते पॅनेल भिंतीला टेकवून उभं केलं आणि दोघं लांब जाऊन बघू लागले. पक्कं झालं होतं. कुठे फट नाही, पायरी नाही. पण मिस्त्री नेहमीसारखा बरं म्हणाला नाही. तो बराच वेळ मान तिरकी करून उभा राहिला आणि मग म्हणाला की याच्याकडे बघितलं की उगाच वाटतं, आत्ता कुणीतरी आत गेलं. सगळे वास आता एकत्र येत होते, एकामागून एक नाही, एकदम, सबंध घर दार उघडून समोर उभं राहिल्यासारखं, आणि सगळ्यांवर तो गोडसर वास. तिला भोवळ आल्यासारखं झालं. मिस्त्रीनं स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि घरी जायला सांगितलं.

रस्त्यावर ऊन होतं. बसमध्ये तिला काहीतरी वेगळं वाटत होतं आणि काय ते समजत नव्हतं. शेजारच्या माणसाच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि ते उगाचच जवळ आल्यासारखं वाटत होतं. जिना चढताना भिंती जवळ आल्या. तिनं किल्ली फिरवली, दार उघडलं, आणि ती त्या घरात शिरली.

डाव्या हाताला दूध. पुढे ओले कपडे. ती तशीच मागे आली आणि तिनं दारावरचा नंबर बघितला. नंबर बरोबर होता. उंबऱ्याशी तिच्याच चपला होत्या, नवऱ्याच्या जुन्या सँडल होत्या. नाकात लाकडाचा वास राहिला असेल, ती मनाशी म्हणाली. आपण तो घेऊन आलो असू, कपड्यांवर, केसांत. तिनं दारातच उभं राहून श्वास धरला, सोडला, पुन्हा घेतला. दूध शेगडीतच होतं. ती वाकली, शेगडीचं जाळीचं झाकण उचललं, खाली काळा कडक थर होता आणि वास तिथून येत होता. दोरीवर परवाचे कपडे होते आणि वास त्यांतून येत होता. लाकूड इथे कुठेच नव्हतं. हे घर तिला पाठ होतं. पुढे काय लागणार हेही पाठ होतं. बोळ. लेकीच्या खोलीचं दार. तिनं ते ढकललं. पावडर, वह्या, आणि खिडकीच्या कट्ट्यावर एका झाकणात विझवलेली सिगारेटची थोटकं. नवऱ्यानं सिगारेट सोडून कित्येक वर्षं झाली असं ती लोकांना कौतुकानं सांगत असे. बोळाच्या टोकाशी आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. या दारापर्यंत ती रोज कितीदा आली असेल. आता तिला त्या दाराला हात लावणं जिवावर आलं. आत कोण आहे ते तिला माहीत होतं, आणि इतके दिवस आपण कुणावर संतापत होतो तेही आता माहीत झालं होतं.

सासू जागी होती. अशा वेळी सुनेला दारात बघून ती दचकली, तिनं पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि विचारलं, लवकर कशी आलीस. तिनं खिडकी उघडली, पलंगाजवळ गेली आणि म्हणाली, ‘‘आई, कुशीवर व्हा.’’ सासू नको म्हणाली. मग रागावली, मग दुखतंय म्हणाली, मग कठडा घट्ट धरून राहिली. त्या हातात अजून जोर होता. तिनं एकेक बोट सोडवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सासूवर जबरदस्ती केली. कुशीवर वळवून कपडा बाजूला केला तेव्हा कमरेच्या खाली, हाडाच्या जागी, मुठीएवढा खड्डा होता. कडा काळ्या, आत पिवळं, आणि तळाशी काहीतरी पांढरं. सासूनं तिथे जुन्या पंचाच्या घड्या दाबून ठेवल्या होत्या, स्वतःच्या हातानं, हात पोचेल तशा. वास तिथून येत होता.

घरी बोलावलेल्या डॉक्टरीणबाईंनी बघितल्याबरोबर हॉस्पिटलात हलवायला सांगितलं. आठवडा उशीर झाला असता तर रक्तात उतरलं असतं, असं त्या तिथे पोचल्यावर म्हणाल्या, आणि मग, चष्मा पुसत, शांतपणे विचारलं की घरात कुणाला वास आला नाही का. ती म्हणाली, मला येत नाही. नवरा तिच्या शेजारी उभा होता. डॉक्टरीणबाई आत गेल्यावर दोघं बाकावर बसले. सगळीकडे फिनेलचा वास होता, इतका तीव्र की तिच्या डोळ्यांना पाणी येत होतं, पण आपल्याला तो येतो हे ती बोलली नाही.

‘‘मला येत होता,’’ बऱ्याच वेळानं तो म्हणाला. ‘‘रोज.’’

‘‘मग?’’

‘‘मला वाटलं, तू करतेस सगळं, तुला माहीत असेल. औषधाचा असेल वाटलं. मग वाटलं, म्हातारपणाचाच असेल.’’ तो हातातल्या किल्ल्यांकडे बघत होता. ‘‘आईचं अंग आहे. मी काय विचारणार?’’

त्या दिवशी जेवताना मी टोमणा मारला नव्हता, असं तिला सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर लाकडापासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि आता तिचाच त्यावर पुरता विश्वास राहिला नव्हता. सासूला मलम चोळलेले, सासूची उशी सरळ केलेले हात घेऊन ती रोज कामावर जात होती, आणि तेच हात तुकडा धरून नाकाशी येत होते. मिस्त्रीनं सांगितलं होतं. घर लाकडात नसेलच, बोटांवर असेल. असं म्हटलं की सगळं नीट बसायचं, एकच गोष्ट सोडून. बोळाच्या टोकाला खोली आहे आणि तिथे कुणीतरी नासतंय, हे ती त्या लाकडातल्या घरात इतक्या वेळा चालत गेली तेव्हा तिला कळलं. या घरात ती रोज चालत होती तेव्हा कळलं नव्हतं.

सासू हॉस्पिटलात असताना तिनं घर धुऊन काढलं. शेगडी उचलून खाली खरवडलं, कपडे बाहेर उन्हात टाकले, लेकीच्या खोलीची खिडकी सताड उघडी ठेवली. झाकणातली थोटकं तिनं फेकली नाहीत, झाकण नुसतं उचलून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवलं. तो ओशाळला, पण दुसऱ्या दिवशी म्हणाला की आई घरी आली की रोज तिच्या खोलीत स्टूल घेऊन बसेन. ती कामावर परत गेली तेव्हा मिस्त्रीनं पॅनेलला पॉलिश मारून ते पाठवूनही दिलं होतं. कुणाचं तरी दार व्हायचं होतं त्याचं. ढिगातला शेवटचा तुकडा तिनं उचलून हुंगला. लाकडाचा वास आला, कोरडा, किंचित तुरट. मिस्त्रीच्या बुटांचाही आला. ती हळूच डबा घेऊन खिडकीशी जाऊन बसली आणि तो बघतच राहिला.

सासू घरी आली ती बारीक होऊन. रोज पट्टी बदलायची होती. नर्स ठेवू या असं नवरा म्हणाला, पण सासूनं मान हलवली, आणि तीही म्हणाली की मी करीन. पहिल्या दिवशी तिनं सासूला कपाटाकडे तोंड करून कुशीवर वळवलं, पाठीशी उशा लावल्या, हातमोजे घातले. कपाटाच्या दाराला आरसा होता. सासू त्यात बघत होती.

‘‘सांगितलं का नाही मला?’’ तिनं विचारलं.

सासू आरशातच बघत बोलली. ‘‘कुणी आत आलं की मी आधी त्याचं नाक बघते. हा येतो, दारात उभा राहतो, श्वास धरून बोलतो. नात आली होती, तिनं मिठी मारली आणि लगेच खिडकी उघडायला गेली. मी काय ओळखत नाही होय? सगळी हयात दुसऱ्यांची भांडी हुंगली मी.’’ ती दमली, थांबली. ‘‘तू तेवढी जवळ यायचीस. तोंडाला तोंड लागेल इतकी. उशी सरळ करायचीस. वाटलं, हिला सांगितलं की ही बघणार, औषधवाले येणार, सगळं उघडं होणार. मग हीपण बाकीच्यांसारखी लांबून.’’

ती कापूस ओला करत राहिली.

‘‘पण तुला कळलं कसं?’’

‘‘चादरीवर डाग दिसला.’’

‘‘वास यायला लागला का तुला?’’

आरशात सासूचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते, डोळ्यांवर नाही, जरा खाली. खोलीत औषध होतं, तेल होतं, घाम होता, आणि पट्टीखालून अजून ते येत होतं, पहिल्याइतकं नाही, पण येत होतं.

‘‘नाही आई,’’ ती म्हणाली. ‘‘मला कुठला वास येतोय.’’

ती खाली वाकली, नेहमीइतकीच जवळ, आणि सावकाश, नाकानं श्वास घेत, पट्टीचं एक टोक सोडवू लागली. सासू आरशातून बघत होती. सुनेनं आपला चेहरा हलू दिला नाही.